यंत्र आणि नकाराचा अधिकार

मंडळी, 'रोबो' हा शब्द आता आपल्या मुलाबाळांच्याही तोंडी आहे. पण त्याचे कुळ फारसे कोणी विचारीत नाही. कारेल चापेक या चेक लेखकाचे 'आर. यू. आर.' हे नाटक जानेवारी १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आले आणि तेथून हा शब्द जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. नाटकातले रोबो म्हणजे कारखान्यात घडविलेले मजूर. त्यांचा मोठा गुण हाच, की ते 'नाही' म्हणत नाहीत. पुढे ते बंड करतात आणि मनुष्यजातीवर घाला येतो.

ही झाली कल्पनेतली गोष्ट. पण त्याच १९२१ सालच्या एप्रिलात आपल्या मुळशी पेट्यातील शेतकरी 'नाही' म्हणत उभे राहिले होते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपनीचे धरण व्हावयाचे होते, आणि जमिनी सरकारी कायद्याने घेतल्या जात होत्या. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२४ पर्यंत लढा चालला. अखेर धरण झाले, गावे बुडाली. विजेने मुंबईचे भले केले, हे खरेच. पण ज्यांचे शेत गेले त्यांच्या नकाराला हिशेबात जागा नव्हती. तेव्हा माणसावर सत्ता यंत्राची चालते, की यंत्रामागच्या माणसांची?

जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने येतो. लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून वामन नावाचा यंत्रमानव घडतो. आणि ती संस्कृती बुडाली होती, तीही यंत्रमानवांपायीच. नावच पाहा ना! शुक्राचार्यांनी सावध केले असताही बळीला नकार देता आला नाही. मागणे तर तीनच पावलांचे होते.

आज उरवड्याच्या परिसरात कारखाने आहेत. जून २०२१ मध्ये तेथील एका रासायनिक कारखान्यास आग लागून पंधराहून अधिक कामगार दगावले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. धोक्याच्या कामाला 'नाही' म्हणण्याची सोय असे किती कामगारांना असते?

म्हणून नवे यंत्र दारी आले, की ते काय काय करू शकते एवढेच विचारून थांबू नये. त्याला 'नाही' कोण म्हणू शकतो, हेही विचारावे. आणि ते पहिले पाऊल मागितले जाते तेव्हाच विचारावे. तिसऱ्या पावलाला फार उशीर झालेला असतो.