छोट्या रेल्वेच्या देखाव्यासाठी स्वस्त आणि योग्य गोंद

रेल्वेच्या प्रतिकृतीभोवती डोंगर, गवत आणि खडी उभी करताना सर्वाधिक उपयोगी ठरतो तो सुतारकामातील पांढरा गोंद, म्हणजेच पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. पाणी उडून गेल्यावर तो जवळजवळ पारदर्शक होतो.

रुळांमधील खडी कोरडी पसरून ब्रशने सारखी केल्यावर तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा आणि मग गोंद व पाणी यांच्या समभाग मिश्रणात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब घालून ते ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे पृष्ठताण, म्हणजे द्रवाला थेंबाच्या आकारात धरून ठेवणारी ओढ, कमी होतो आणि मिश्रण खडी न हलवता तळापर्यंत झिरपते. सांध्याच्या हलत्या पट्ट्यांजवळ मात्र ते जाऊ देऊ नये.

थर्माकोलच्या डोंगरांसाठी टोल्युइनसारखे द्रावक असलेले रबरी गोंद टाळावेत, कारण ते थर्माकोलच विरघळवतात.

झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद महाग पडतो, शिवाय त्याच्या वाफेने पारदर्शक खिडक्यांवर पांढुरकी झाक येते. म्हणून तो बारीक सुट्या भागांपुरताच राखावा.