फूटपाथवरचे संसार आणि आपली नजर

सुट्टीत मुंबईला जाऊन आलेल्या कोणाही बाईला विचारा, काय काय पाहिलं म्हणून. राणीचा बाग, गेटवे, चौपाटी, झालंच तर नटनट्यांचे बंगले. फूटपाथवर मांडलेले संसार पाहिलेले असतात, पण ते ‘पाहिलं’ या यादीत येत नाहीत. आलेच तर एका वाक्यात येतात, “शी बाई, काय ती घाण! कायले जातात हे लोक मुंबईले?”

प्रश्न वाईट नाही. फक्त आपण तो विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पदर सावरून पुढे जातो. आज थोडं थांबून उत्तर ऐकू या.

आपली पहिली समजूत अशी, की फूटपाथवर फुकट राहायला मिळतं. ही गोष्ट थेट सर्वोच्च न्यायालयाच्या कागदांत नोंदलेली आहे, ती ऐका. संगमनेरचा एक चांभारकाम करणारा माणूस. दिवसाची कमाई सात-आठ रुपये. गावातलं घर, त्याला घर म्हणायचं तर, पडलं. मुंबईत बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांची नोकरी लागली. तुळशीवाडीच्या फूटपाथवरच्या जागेसाठी त्याला तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजावे लागले. बांबू आणि प्लॅस्टिकला आणखी ७००. करा हिशेब! जवळजवळ तीन महिन्यांचा पगार, आणि डोक्यावर काय आलं, तर प्लॅस्टिक.

दुसरी समजूत, “यांना आपापल्या गावी पाठवून द्यावं.” तेही करून झालं आहे. १३ जुलै १९८१ रोजी, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फूटपाथवरच्या लोकांना हटवून गावी धाडण्याची घोषणा केली. दहाच दिवसांत झोपड्या पडू लागल्या. तामिळनाडूतल्या सेलमच्या एका कुटुंबाला बसमध्ये बसवून परत पाठवलं. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या. बाप मात्र कामासाठी पुन्हा मुंबईला आला आणि पुन्हा फूटपाथवरच राहिला. बस माणसाला गावी पोचवू शकते. गावात काम कुठून आणणार? तेव्हा ‘कायले जातात’ या प्रश्नाचं उत्तर मुंबईत शोधायचं नसतं, ते गावात असतं. पाऊस लांबला, शेतीचं काम थांबलं, की मजुराच्या घरची चूल कशी मंदावते, हे आपल्या वरूडकडच्या बायांना वेगळं सांगायला नको.

याच प्रकरणाचा निकाल १० जुलै १९८५ ला लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. काम जिथे, तिथेच जवळ ही माणसं राहतात. निवारा हिसकला, की कामही जातं. असं असूनही फूटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. त्यातल्या त्यात पावसाळ्यात, ३१ ऑक्टोबरच्या आत, त्यांना हटवू नये असं बजावलं. म्हणजे हक्क कागदावर मिळाला, छप्पर नाही.

तिसरी समजूत, “काम नको, भीक हवी.” १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यातही हीच नजर आहे. हात पसरला नसला, तरी उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि अवतार भीक मागणाऱ्यासारखा आहे, एवढ्यावर त्यात माणसाला धरता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची बरीच कलमं रद्द केली. आता भायखळ्याचं पाहा. १९८५ मध्ये ‘स्पार्क’ या संस्थेने तिथल्या आणि मोठ्या रस्त्यांवरच्या फूटपाथवासीयांची पाहणी केली. जवळजवळ सहा हजार कुटुंबं, सत्तावीस हजार माणसं! पुढे तिथल्या बायांनी ‘महिला मिलन’ उभं केलं. रोजच्या मिळकतीतून रुपया-दोन रुपये बाजूला टाकले, आपल्याला घर कसं हवं याचे नमुने स्वतः मांडले. पुष्कळ वर्षांनी त्यांच्यातल्या काही जणी मानखुर्दच्या ‘मिलन नगर’मध्ये पक्क्या घरात गेल्या. ज्यांना आपण आळशी म्हणतो, त्यांनी दाराला कडी नसताना बचत केली. आपल्या घरात कपाट आहे, कुलूप आहे, तरी महिनाअखेर काय उरतं ते आपलं आपल्याला ठाऊक!

आणि बाई म्हणून एवढं तरी मनात आणा. उजाडायच्या आत अंघोळ, साडीचा आडोसा, पाळीचे दिवस, वयात आलेली लेक मधे घेऊन काढलेली रात्र. भिंत नसली की काय काय जातं, ते पुरुषापेक्षा आपल्याला लवकर कळेल.

चौथी समजूत, “ते सरकारचं काम.” खरं आहे, मग ते काम नीट माहीत तरी हवं. दर एक लाख शहरी वस्तीमागे निदान शंभर माणसांचा एक कायम निवारा हवा, असं सरकारच्या नागरी उपजीविका अभियानातच ठरलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या जवळ होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे, साडेबारा हजार माणसांची सोय. त्याच जनगणनेने मोजलेले बेघर होते सुमारे सत्तावन्न हजार! आपल्या साडेसहा लाखांच्या अमरावतीला या हिशेबाने सहा निवारे यायला हवेत. किती आहेत, कुठे आहेत, बायांसाठी वेगळी खोली आहे का, हे महिला मंडळाने विचारायला काय हरकत आहे? आणखी एक. बेघर माणसालाही मत आहे. त्याला पत्त्याचा कागद लागत नाही. तो सांगेल त्या जागी रात्री अधिकारी येऊन खात्री करतात. ही माहिती तुमच्या कामवालीच्या ओळखीत कोणाला तरी उपयोगी पडेल.

ही शिकवण आपल्याला परकी नाही. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. स्वतःसाठी घर बांधलं नाही, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचाराला गेलेल्या गावाकडच्या कित्येक कुटुंबांना आज दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधार देते. जागा मिळाली नाही, तर तीच माणसं फूटपाथवर पथारी टाकतात. कालपर्यंत त्यांचं घर होतं, अंगणात तुळस होती. त्यांना तिथे पाहून “शी बाई” म्हणणारी कोणी तरी असेलच.

पुढच्या वेळी मुंबईला जाल तेव्हा फूटपाथवरच्या बाईकडे पाहा. टक लावून नव्हे, जशा शेजारणीकडे पाहता तशा. आणि मुलांनी विचारलं, “हे लोक इथे का राहतात?” तर त्यांना गप्प करू नका. उत्तर आता तुम्हाला ठाऊक आहे.