आधी परवाना, मग तिकीट

जालना जिल्ह्यात जंगल नकाशावर शोधावं लागतं. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडं अजिंठ्याच्या डोंगररांगेचा काठ लागतो, तेवढाच. बाकी कापूस, सोयाबीन, मोसंबीच्या बागा आणि शहराच्या कडेनं लोखंडाचे कारखाने. वाघ बघायचा तर जालनेकर ताडोबा गाठतो आणि समृद्धी महामार्गामुळं ती धाव आता सोपीही झाली आहे. मात्र बियाण्यांच्या आणि सळयांच्या या गावात पासपोर्ट पडून नसतात. मसाई माराहून आलेला माणूस चार जणांत बसला की सिंहाच्या गोष्टी संपवतो आणि हळूच म्हणतो, ‘‘पुढच्या खेपेला गोरिला.’’

असाच एक चार जणांचा गट. बियाण्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक शास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी, सोबत सळयांचा व्यापार करणारं एक जोडपं. नियोजन अर्थातच शास्त्रज्ञांकडं, कारण पेरणीचं वेळापत्रक आखण्यात त्यांची हयात गेली. पहिल्या बैठकीला व्यापारी मित्र विमानाच्या स्वस्त तिकिटांचे आकडे घेऊन आले होते. शास्त्रज्ञांनी ते बाजूला ठेवायला लावले. या सहलीचं गणित शेवटापासून मांडावं लागतं. गोरिलासमोर उभं राहण्याचा दिवस आधी पक्का करायचा आणि मग तिथून मागं मागं यायचं: मुक्काम, गाडी, विमान, लस आणि सगळ्यात शेवटी जालन्याहून मुंबईची रेल्वे.

पर्वतीय गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत. एक विरुंगा पर्वतरांग. ती रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांत पसरलेली आहे. दुसरं बविंडीचं जंगल, मुख्यतः युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. विरुंगाच्या 2015-16 च्या गणनेत 604 गोरिला मोजले गेले, बविंडीच्या 2018 च्या गणनेत 459. म्हणजे एकूण 1,063. प्राणिसंग्रहालयांत दिसणारे गोरिला जवळपास सगळे सखल प्रदेशातले, दुसऱ्या जातीचे. हा गोरिला बघायचा तर त्याच्याच डोंगरात जावं लागतं.

गोरिला बघायच्या परवान्याचा दर ऐकून व्यापारी मित्र खुर्चीत सरळ झाले. रवांडात माणशी 1,500 डॉलर. 2017 साली तिथल्या सरकारनं तो एका रात्रीत दुप्पट केला. युगांडात परदेशी पर्यटकाला 800 डॉलर, म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या आसपास. काँगोत सगळ्यात स्वस्त, पण पूर्व काँगोतली लढाई पाहता तो पर्याय गटानं चर्चेलाही घेतला नाही. ‘‘सत्तर हजारात बघायला मिळतंय किती वेळ?’’ उत्तर होतं, एक तास. ‘‘अन् ताडोबात?’’ ताडोबात जिप्सीत बसून सकाळभर फिरता येतं हे खरं, पण वाघ दिसेलच याची हमी नाही आणि गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. इथं उलट. गाडी जंगलाच्या तोंडाशी थांबते, पुढं चालतच जायचं आणि गोरिला न दिसण्याची शक्यता फारच थोडी. माणसाला सरावलेल्या प्रत्येक कुटुंबाकडं दिवसाकाठी जास्तीत जास्त आठ पर्यटक, तेही एकदाच.

रवांडात अंतरं कमी. किगालीला उतरलं की दोन-तीन तासांत ज्वालामुखींच्या पायथ्याशी. युगांडात एंटेबे विमानतळापासून बविंडीपर्यंत आठ-दहा तासांचा रस्ता. पैशाचा हिशेब आणि गुडघ्यांचा हिशेब असे दोन्ही मांडून गटानं युगांडा निवडला. पैसे जिंकले, हे उघड आहे. युगांडा एअरलाइन्सनं ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई ते एंटेबे थेट विमान सुरू केलं होतं, त्याचंही वजन पडलंच.

आता खरी मेख. बविंडीचं जंगल साधारण 330 चौरस किलोमीटरचं, पण त्याची चार प्रवेशद्वारं आहेत: उत्तरेला बुहोमा, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. परवान्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखेबरोबर द्वारही ठरलेलं असतं. परवाना रुशागाचा आणि खोली बुहोमाला, असं कोणी केलं तर मधलं अंतर तीन-चार तासांचं आणि सकाळची हजेरी साडेसात-आठची. नकाशावर दोन्ही नावं एका बोटाखाली झाकली जातात, म्हणूनच लोक फसतात. शास्त्रज्ञांनी परवाना हातात येईपर्यंत एकाही लॉजला पैसे पाठवले नाहीत.

महिन्यांचंही तसंच. जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, म्हणून त्यांचे परवाने कित्येक महिने आधी संपतात. माराच्या मैदानातलं विल्डबीस्टचं स्थलांतरही साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्येच असतं. दोन्ही एकाच सहलीत बसवायचा मोह सगळ्यांना होतो. या गटानं तो टाळला. दोन देशांची पळापळ करण्यापेक्षा बविंडीपासून जवळ असलेल्या क्वीन एलिझाबेथ उद्यानात दोन दिवस घालवायचे ठरले. तिथल्या इशाशा भागातले सिंह झाडावर चढून फांदीवर पसरतात. व्यापारी मित्रांच्या पत्नीला गोरिलापेक्षा त्यांचीच जास्त उत्सुकता होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

पिवळ्या तापाची लस हा या सहलीतला असा मुद्दा आहे की जिथं ओळखपाळख चालत नाही. युगांडात शिरताना दाखला लागतो आणि भारतात परतताना तर त्याहून कडक. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते आणि दाखला लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतो. एकदा घेतली की 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढच्यांना लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात आणि अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर मामला अडतो. निवृत्त मंडळींनी म्हणूनच परवान्याचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. या गटात दोघं साठी ओलांडलेले. त्यांची विचारपूस आधी झाली, मग पैसे गेले.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर सरकार उगमस्थानी कर गोळा करतं. तो विवरणपत्रात वळता होतो, पण त्या वेळी तेवढी रक्कम हाताशी असावी लागते. व्यापारी माणसाला हे सांगावं लागलं नाही. डॉलरच्या नोटांचं मात्र सांगावं लागलं. 2009 च्या आधी छापलेल्या, घडी पडलेल्या, शाईचा डाग असलेल्या नोटा युगांडात घेत नाहीत किंवा कमी भावानं घेतात.

तयारी सुरू झाली ती मोती तलावाच्या बाजूला सकाळच्या फेऱ्यांनी. सपाट रस्त्यावर तासभर चालणारा माणूस बविंडीत अर्ध्या तासात टेकतो, हे लक्षात आल्यावर दर रविवारी देवगिरीचा किल्ला. बविंडीचे डोंगर 1,160 ते 2,607 मीटर उंचीचे, कळसूबाई 1,646. पायवाट बहुतेकदा नसतेच. वेलींचा जाड गालिचा असतो आणि पाय नेमका कशावर पडतोय ते कळत नाही. खाजकुयलीची आठवण यावी अशी झोंबणारी पानं हाताला लागतात, म्हणून जाड हातमोजे हवेत. ते खेळाच्या दुकानात महाग मिळत होते. शेवटी कारखान्यांना सेफ्टीचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून चार जोड घेतले. जालन्यात राहण्याचा हा एक फायदा. पँट मोज्यांत खोचायची, कारण जमिनीवर मुंग्यांच्या फौजा फिरतात आणि त्या आतून चढतात. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होतीच, तरी शाकाहारी माणसाचं युगांडात अडत नाही. कच्च्या केळ्यांचं वाफवलेलं मटोके आहे आणि चपाती तर त्या देशात नाक्यानाक्यावर लाटली जाते.

परवान्याच्या दिवशी रुशागाच्या द्वाराशी सकाळी सूचना देणाऱ्या वनरक्षक बाईंनी पहिला प्रश्न विचारला: कुणाला सर्दी, ताप, खोकला? माणसाच्या साध्या सर्दीनं गोरिलाचा जीव जाऊ शकतो. दोघांच्या जनुकांत फरकच इतका थोडा. आजारी माणसाला परवाना असूनही आत सोडत नाहीत. म्हणून तोंडाला मास्क, दहा मीटर अंतर, फ्लॅश बंद आणि गोरिलापासून दोनशे मीटरच्या आत खाणं नाही. जंगलात शौचाला जायची वेळ आली तर वनरक्षक फूटभर खोल खड्डा खणून देतो आणि नंतर तो बुजवायचा. पंधरा वर्षांखालच्यांना मुळातच प्रवेश नाही.

पर्यटक सूचना ऐकत असतात तेव्हा माग काढणारे लोक कधीच पुढं गेलेले असतात. गोरिला रोज संध्याकाळी नवं घरटं करतात, फांद्या मोडून, पानं दुमडून. माग काढणारे आदल्या दिवशी जिथं सोडलं तिथून निघतात, रात्रीची घरटी शोधतात, ताजी विष्ठा आणि चघळलेले देठ बघत पुढं सरकतात आणि वायरलेसवर जागा कळवतात. एखादं रानटी कुटुंब माणसाला सरावण्यासाठी साधारण दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, रोज असंच त्याच्या मागं जावं लागतं. आठशे डॉलरमधला मोठा वाटा या पायपिटीचा आहे असं मानलं, तर दर एवढा टोचत नाही.

गटानं चौघांसाठी चार हमाल घेतले. दोघांनी सुरुवातीला नको म्हटलं आणि पहिल्या चढाला त्यांचेच हात धरले. अगदीच चालवेना झालं तर पाळण्यासारखी डोली येते. तिला तिथले लोक हेलिकॉप्टर म्हणतात. ती लागली नाही.

तास सुरू होतो तो वनरक्षकानं घड्याळ बघून सांगितल्यावर. पुढं पाठीवर रुपेरी पट्टा असलेला नर, पाठमोरा, देठ सोलत बसलेला. घसा खाकरल्यासारखा दुहेरी आवाज त्यानं काढला आणि वनरक्षकानं तसाच आवाज परत दिला. सगळं ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. एक पिल्लू वेलीवरून आईच्या डोक्यावर पडलं, तिनं वरही पाहिलं नाही. शास्त्रज्ञ नाकांकडं बघत होते. प्रत्येक गोरिलाच्या नाकावरच्या सुरकुत्या वेगळ्या असतात, त्यावरूनच त्यांची ओळख ठेवतात. रवांडात तर 2005 पासून पिल्लांचं दरवर्षी जाहीर बारसं होतं.

या शांततेला दुसरी बाजूही आहे. रुशागाशेजारच्या न्कुरिंगोतल्या रफीकी नावाच्या नराला जून 2020 मध्ये भाल्यानं मारलं गेलं. मारणारा जवळच्याच गावातला, छोट्या प्राण्यांच्या शिकारीला शिरलेला. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी कोविडमुळं पर्यटन बंद होतं, गावांची मिळकत आटली होती. 1991 साली उद्यान झालं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या या जंगलात राहणाऱ्या बत्वा लोकांना बाहेर काढलं गेलं, त्यांना फारसं काही न देता. परवान्याच्या झगमगत्या जाहिरातीत हे येत नाही.

परतीच्या वाटेवर शास्त्रज्ञांनी हमालाला विचारलं, जंगलालगतच्या शेतीचं काय? गोरिला, बबून, हत्ती, सगळे पिकात उतरतात, तो म्हणाला. केळीच्या खोडाचा गाभा गोरिलांना आवडतो. उद्यानाच्या प्रवेश शुल्कातले वीस टक्के आणि प्रत्येक गोरिला परवान्यामागचे दहा डॉलर आसपासच्या गावांना मिळतात, आणि गोरिला शेतात आले तर त्यांना हाकलत परत नेणारी गावकऱ्यांची पथकंही आहेत. शिवाय काही ठिकाणी जंगलाच्या कडेला चहा लावला आहे, कारण चहाला गोरिला तोंड लावत नाहीत.

रोही आणि रानडुकरांनी नासलेली शेतं पाहिलेल्या माणसाला हे पटकन कळलं. ‘‘आमच्याकडं बांधाला करडई लावतात,’’ शास्त्रज्ञ म्हणाले, ‘‘काटे असतात, जनावर आत शिरत नाही.’’ हमालाला करडई माहीत नव्हती. मग फोनवर चित्र दाखवणं झालं, तेल निघतं का, भाव काय मिळतो, पाणी किती लागतं, असं बरंच चाललं. व्यापारी मित्र मागून ओरडले, ‘‘अहो, बियाणं विकायला आलाव का इथं?’’