मोटारीच्या छपरातील झरोका

घराला झरोका असला म्हणजे उजेड आणि वारा आत येतो. तीच सोय मोटारगाडीच्या छपरालाही करता येते. जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीच्या ‘बीटल’ गाडीला पूर्वी कापडी सरकते छप्पर मिळत असे. १९६३ मध्ये त्याच्या जागी दांडा फिरवून सरकविण्याचे पोलादी छप्पर आले. आजच्या गाड्यांत ही फळी बहुधा काचेची असते व कळ दाबताच विजेच्या मोटरीने मागे सरकते. तिलाच सनरूफ म्हणतात. गाडी नवी असते तोवर हा झरोका सुख देतो; परंतु गाडी जुनी झाल्यावर तो अर्ध्यावर अडकला आणि त्याच वेळी आभाळ भरून आले, तर मालकाची तारांबळ उडते.

तो अडकतो का, हे कळण्यासाठी त्याची रचना पाहू. काचेच्या दोन्ही बाजूंस धातूचे रूळ असतात व त्यांच्या खाचांतून काचेला जोडलेले तुकडे घसरतात. प्रत्येक बाजूस एक पोलादी तार असून तिच्याभोवती दुसरी बारीक तार स्क्रूच्या आट्यांप्रमाणे गुंडाळलेली असते. मोटरीचे दातेरी चाक या आट्यांत गुंतून दोन्ही तारा एकाच वेळी सरकविते. मेजाचा खण एकाच कोपऱ्याला धरून ओढला, तर तो तिरपा होऊन रुतून बसतो, हे आपण जाणतोच. रुळात धूळ साचली, वंगण सुकून चिकट झाले किंवा एक तार मागे राहिली, तर काचेचीही तीच गत होते.

अशा वेळी बळाचा उपयोग करू नये. प्रथम कान द्यावा. कळ दाबूनही काहीच आवाज येत नसेल, तर फ्यूज तपासावा. तो जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालावा. अधिक क्षमतेचा घातल्यास तारा तापून आग लागण्याचा धोका असतो. मोटर घुरघुरते पण काच हलत नाही, असे असेल तर कळ दाबून धरू नये. पाऊस आलाच, तर अनेक गाड्यांत छतातील दिव्याजवळचे झाकण काढून मोटरीच्या खोबणीत षट्कोनी चावी घालता येते व काच हळूहळू हाताने मिटविता येते. ही जागा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखविलेली असते.

काच उघडता येत असेल, तर मऊ ब्रशाने रुळांतील धूळ व पाने काढावीत, जुने वंगण कापडाने पुसावे आणि पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस बेताने लावावे. रबरी पट्टीला खनिज तेल लावू नये. त्याने रबर फुगते. हे काम चालू असता कळीला कोणी हात लावू नये, नाहीतर बोटे चेंगरतील.

आता एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. रबरी पट्टी सगळे पाणी अडवीत नाही. थोडे पाणी आत येणारच, असे धरून काचेभोवती पन्हळ केलेली असते व तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या गाडीच्या खांबांतून खाली उतरतात. त्या तुंबल्या, की पाणी छताच्या अस्तरात व पायांखालच्या गालिच्यात मुरते. तेथे लोखंड गंजते आणि विजेच्या जोडण्या बिघडतात. म्हणून पन्हळीत वाटीभर पाणी हळूच ओतावे. ते गाडीखाली ठिबकले, तर नळी मोकळी आहे. न ठिबकल्यास नायलॉनची मऊ दोरी अलगद सारून कचरा काढावा. जोराची हवा मारू नये, कारण त्याने नळी आतल्या आत निसटते.

इतके करूनही काच तिरपीच सरकत असेल, तर तार तुटली किंवा घसरता तुकडा मोडला, असे समजावे. त्यासाठी छताचे अस्तर उतरवावे लागते. ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

कोकणातील माणूस पाऊस येण्यापूर्वी कौले चाळून घेतो; घर गळू लागल्यावर शिडी शोधीत बसत नाही. मोटारीच्या झरोक्यालाही तोच न्याय लागू आहे. वर्षातून दोनदा अर्धा तास दिला, तर हे यंत्र पुष्कळ वर्षे चालते. आणि ते अडकलेच, तर आधी कारण शोधावे, मग हात घालावा. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ म्हणतात, ते यंत्रांच्या बाबतीतही खरे आहे.