अवघड दाढ आणि घरचीं माणसें

दाढ दुखूं लागली म्हणजे घरांत उपाय सांगणारांस तोटा नसतो. आजी लवंग धरावयास सांगतात, काकू मिठाच्या गुळण्या सुचवितात, आणि दाढ काढावयाचीच असें ठरलें कीं कोणी तरी हलकेच विचारतें, “वरची ना? मग डोळ्याला अपाय नाहीं ना व्हायचा?” या शंकेचें निरसन आम्ही आरंभींच करतों. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी; दाढ काढल्यानें नजर अधू होत नाहीं. उलट, किडलेल्या दाढेच्या मुळाशीं सांचलेला पू तसाच राहूं दिला, तर तो पसरून डोळ्यापर्यंत सूज चढूं शकते. भिण्यासारखें कांहीं असेल तर तें या दिरंगाईंत आहे.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील मानपाड्यास (डोंबिवलीकडेही एक मानपाडा आहे) दंतवैद्याची पाटी शोधावयास आतां लांब जावें लागत नाहीं. परंतु दाढ अवघड दिसली म्हणजे जवळचा दंतवैद्य पुष्कळदां स्वतः हात न घालतां मुखशल्यतज्ज्ञाकडे जावयास सांगतो. हें त्याचें अज्ञान नव्हे, शहाणपण होय. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. तेथें जावयाचें तर ठाणें स्टेशन गांठून दादरला गाडी बदलावी आणि मुंबई सेंट्रलला उतरावें लागतें. परततांना तोंड बधिर असतें, दातांखालीं बोळा असतो. अशा स्थितींत लोकलच्या गर्दींत रोग्यास एकटें सोडूं नये. बोलूं शकणारें एक माणूस बरोबर असावें.

दाढ अवघड कां होते? अक्कलदाढ कित्येकदां हाडांतच आडवी निजलेली असते. कोणाचीं मुळें वांकडीं असतात. खालच्या दाढेखालून ओठाची संवेदना नेणारी नस जाते, तर वरच्या दाढेचीं मुळें गालाच्या हाडांतील पोकळीस भिडलेलीं असतात. हें सर्व क्ष-किरणांच्या चित्रांत आधीं पाहतात. खालची नस दुखावली तर ओठ किंवा हनुवटी कांहीं आठवडे, कधीं महिनेही, बधिर राहते, आणि क्वचित् कायमची. ही गोष्ट डॉक्टरांस आधींच विचारावी; विचारण्यांत संकोच कसला?

खुर्चीवर काय होतें, याची धास्ती मात्र अवास्तव असते. लिग्नोकेन हें बधिर करणारें औषध १९४३ सालीं स्वीडनमध्यें सिद्ध झालें आणि या कामांतील यातना बव्हंशीं संपल्या. वेदना जाते, पण दाब कळतो. यंत्राचा आवाज होतो, जबडा ओढल्यासारखा वाटतो, हिरडी चिरून दाढेचे दोनतीन तुकडे करतात. दाढ तुकड्यांनीं निघाली म्हणजे डॉक्टर कच्चा, असें समजूं नये. तुकडे केल्यानें हाड कमी कापावें लागतें. दुखलेंच, तर हात वर करावा. आणखी औषध टोंचतां येतें.

आमच्या मतें खरा धोका निराळाच आहे. एकत्र कुटुंबांत गोळ्यांचा डबा थोरल्या सुनेच्या हातीं असतो आणि आजोबांबरोबर जातो नातू. डॉक्टरांनीं “कांहीं औषधें चालू आहेत का?” असें विचारलें कीं आजोबा “छे, कांहीं नाहीं” म्हणून मोकळे होतात! रक्त पातळ ठेवणारी गोळी, मधुमेह, आजींनीं हाडांच्या ठिसूळपणासाठीं घेतलेलें औषध (त्यानें जबड्याची जखम भरणें अवघड होऊं शकतें), सुनेचे दिवस राहिलेले असणें, यांपैकीं एकही गोष्ट लपवूं नये. डबाच बरोबर न्यावा. तसेंच, रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनानें बंदही करूं नये. त्यांत हृदयाचा घात आहे.

घरीं आल्यावर बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरावा. वारंवार थुंकूं नये, पहिल्या दिवशीं चुळाही भरूं नयेत. खळग्यांत धरलेली रक्ताची गांठ हेंच जखमेचें झांकण असतें. बधिरता उतरेपर्यंत चहा देऊं नये, ओठ भाजलेला कळत नाहीं. मग गार ताक, कोमट मऊभात, मुगाची खिचडी द्यावी. गालावरून बर्फ पहिल्या दिवशीं. मिठाच्या कोमट पाण्यानें हलक्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक दिसते आणि तोंड पुरतें उघडत नाहीं. घरचीं माणसें येथेंच घाबरतात. वस्तुतः ती ओसरावयाचीच असते. परंतु तिसऱ्या ते पांचव्या दिवशीं कमी झालेली कळ पुनः उसळून कानांत जाऊं लागली, तर ती रक्ताची गांठ निसटली असें समजावें व पुनः डॉक्टरांकडे जावें. विडी-सिगारेट ओढणारांस हें अधिक होतें. तंबाखू आणि मिश्रीही जखम भरेपर्यंत दूर ठेवावी. मिश्री लावणाऱ्या वडील बायकांस हें सांगण्याचें धैर्य घरांत कोणाला होणार, तें ज्याचें त्यानें ठरवावें!

रक्त थांबत नसेल, ताप चढत असेल, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. गिळणें किंवा श्वास घेणें जड होऊं लागल्यास मात्र रात्र असली तरी सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. एरवीं आठवड्याभरानें टांके निघतात, आणि खळगा भरून येण्यास कांहीं आठवडे लागतात. तोंवर त्यांत शीत अडकलें तरी तें काडीनें कोरूं नये, जेवणानंतर चूळ भरली म्हणजे पुरे.