पियानो शोधावा कोठे?

परदेशी शिकावयास जाणाऱ्याला तबल्याची जोडी नेता येते. बासरी तर कपड्यांच्या घडीत मावते. पियानो वाजविणाऱ्याने काय करावे? मैफिलीचा मोठा पियानो पाचशे किलोंच्या घरात जातो, आणि भिंतीला टेकवून ठेवावयाचा घरगुती पियानोदेखील दोन माणसांना उचलत नाही. आमची कन्या रसायनशास्त्राच्या अभ्यासासाठी मडगावहून लाइप्झिगला निघाली, तेव्हा हा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता. जर्मनीत, तेही बाखच्या गावी, पियानोची वाण कसली?

बाखने तेथील सेंट थॉमस चर्चमध्ये १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सेवा केली. मेंडेल्सझोनने १८४३ साली तेथे संगीत विद्यालय काढले. पियानोचा जनक क्रिस्तोफोरी; त्याच्या हातचे तीनच पियानो आज जगात उरले आहेत, त्यांतला १७२६ चा एक याच शहराच्या संग्रहालयात आहे. अशा नगरीत कन्येला पहिले तीन महिने एकही पट्टी दाबावयास मिळाली नाही! संगीत विद्यालयांतील सरावाच्या खोल्या तेथल्याच विद्यार्थ्यांसाठी. वसतिगृहाच्या भिंती पातळ, आणि रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावयाची हा त्या देशाचा शिरस्ता. दिवसा घरी वाद्य वाजविण्यास मात्र मनाई नाही. एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आठवड्याच्या कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी एक-दोन तास असे ढोबळ मान सांगितले आहे. परंतु वाद्यच नसले तर कायद्याचा काय उपयोग? कानाला यंत्र लावून वाजवावयाचा विजेचा पियानो मिळतो. पण चांगला, म्हणजे ज्याच्या पट्ट्या बोटाला खऱ्यासारख्या जड लागतात तो, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही.

ती टेबलावर बोटे चालवीत असे. अनामिका जड झाली, असे एकदा म्हणाली; पुढे तो विषयच तिने सोडला. मग एके दिवशी फोनवर म्हणाली, ‘‘बाबा, घरचा पियानो विकून टाका. उगाच वाळवी लागायची.’’

आम्ही हे तिच्या जुन्या मेस्तांना सांगितले. चर्चच्या गायनशाळेत सारा जन्म घालविलेले ते वृद्ध गृहस्थ हसले. ‘‘तिला म्हणावे, संगीताच्या शाळेकडे जाऊ नकोस. चर्च आहे तेथे गाणारे आहेत, आणि गाणाऱ्यांना तालमीला पियानो लागतो. किल्ली कोणाकडे असते, तेवढे विचार.’’

गोव्याच्या वाड्यावरचे हे शहाणपण लाइप्झिगला अचूक लागू पडले. तिच्या वसतिगृहाजवळच्या चर्चच्या सभागृहात एक जुना पियानो होता आणि किल्ली तेथील देखभाल करणाऱ्या बाईंकडे. मंगळवारी व शुक्रवारी दुपारी दोन तास मिळाले. पैसे नकोत, मात्र गायकवृंदाची तालीम असेल त्या संध्याकाळी खुर्च्या मांडावयाच्या. हिवाळ्यात ते सभागृह तापवीत नाहीत, म्हणून पहिली दहा मिनिटे बोटे चोळण्यात जातात. वरच्या सप्तकातली एक पट्टी मुकी आहे. तेथे ती स्वर तोंडाने म्हणते.

घरचा पियानो आम्ही विकला नाही. पावसाळ्यात दमटपणाने पट्ट्या फुगतात, म्हणून त्याच्या पोटात एक लहान दिवा रात्रंदिवस जळत ठेवतो. रविवारी झाकण उघडून एकेक पट्टी दाबून पाहतो, आणि फोनवर तिला कळवितो की सगळ्या चालू आहेत.