स्तनाचा कर्करोग कुणाला होतो?

‘आमच्या घरात कुणालाच नव्हता, मग मला कसा?’ स्तनाचा कर्करोग झालेल्या बहुसंख्य बायकांच्या कुटुंबात तो आधी कुणाला झालेलाच नसतो. आनुवंशिक जनुकदोष साधारण ५ ते १० टक्के रुग्णांतच सापडतो. पुरुषांनाही होतो, शंभर रुग्णांमागे एखाद्याला. ते लाजेपायी डॉक्टरकडे उशिरा जातात, हे आणखी वाईट. ब्रा घातल्याने किंवा मार लागल्याने मात्र होत नाही.

तपासायला मोठं मशीनच हवं का? परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून कमी वयात असा फायदा दिसला नाही.

सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखत नाही, आणि म्हणूनच अंगावर काढली जाते. स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, त्वचेला खळी पडणं, काखेत गाठ लागणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.